कार्बन

अण्णांच्या शर्टाच्या खिशाला कायम निळसर डाग असायचा. आई साबणाची वडी घासून घासून दमायची, पण तो काही जायचा नाही. डाग पेनाचा नव्हता, कार्बन पेपरचा होता.

सांगलीत मारुती चौकाजवळच्या बोळात अण्णांचं टायपिंग इन्स्टिट्यूट होतं. सहा मशिनं, त्यातली चार मराठी. सकाळी सातपासून परीक्षेची मुलं खडखडाट करायची आणि अकरा वाजले की राजवाड्याकडून कोर्टकचेरीची कामं घेऊन माणसं यायची. प्रतिज्ञापत्र, भाडेकरार, वाटणीपत्र, मृत्युपत्र, नांदायला ये म्हणून नोटीस. तीन प्रती काढायच्या तर मध्ये दोन कार्बन लागायचे. तेही विकतचेच, म्हणून टायपिस्ट लोक एकच कार्बन दहा-बारा वेळा वापरायचे. मजकुरावर मजकूर चढून त्याची गिचमिड व्हायची. अण्णाही तसंच करायचे, पण मृत्युपत्र किंवा नवरा-बायकोतली नोटीस आली की डब्यातून कोरा कार्बन काढायचे. कोऱ्या कार्बनवर अक्षर पडलं की तेवढ्या जागेची शाई खाली निघून जाते. मग शाईची बाजू पलीकडे करून तो खिडकीशी धरला तर गट नंबर, कुणाला किती गुंठे, कुणाला काहीच नाही, सगळं सुलट वाचता येतं.

लहानपणी मी एकदा तसं वाचत उभी होते. अण्णा ओरडले नाहीत. हातातून कागद घेतला, त्याची चौघडी केली, खिशात ठेवली आणि म्हणाले, "बाळ, हे आपलं न्हवं." दुसऱ्या दिवशी पहाटे बंब पेटवताना शेणकुटाच्या आधी तो कार्बन आत गेला. मग माझ्या लक्षात आलं की हे रोजचंच आहे.

एकदा एक माणूस आला. त्याच्या वडिलांचं मृत्युपत्र आदल्या दिवशी अण्णांनी टाइप केलं होतं. त्याने गोडीगुलाबीने चहा मागवला, इकडचं तिकडचं बोलला आणि शेवटी म्हणाला, कार्बन तेवढा द्या, शंभर रुपये देतो. त्या वेळी मशीनवरच्या दहा-बारा पानांनाही तेवढे मिळत नसत. अण्णा म्हणाले, "पहाटेच जळाला." तो खोटं समजून टेबलाखालची टोपली उलटी करून गेला. मी तेव्हा नववीत होते. टोपलीतले कागद गोळा करताना मला वाटलं होतं, केवढी साधी गोष्ट आहे ही. आपल्याजवळ नाहीच, तर कुणी काढून घेणार कसं?

हे सगळं मला पुढे तीस-पस्तीस वर्षं आठवलंच नाही, याचं आज वाईट वाटतं.

अण्णा गेल्यावर एक मराठी मशीन काउंटरमागच्या फळीवर ठेवलं, बाकीची विकली. त्याच जागेत आता माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे. अकरावीचे प्रवेश, शिष्यवृत्ती, पीक विमा, पॅन कार्ड, पीएफ, नोकरभरतीचे अर्ज. जून-जुलैत पाय ठेवायला जागा नसते. लोक पायरीवरूनच विचारतात, "ताई, व्हॉट्सॲपवर पाठवू का?" आणि उत्तराआधीच पाठवतात. आधार, पासबुकचं पहिलं पान, मुलीची गुणपत्रिका, सोनोग्राफीचा रिपोर्ट. प्रिंट निघते, पाच रुपये दिले जातात, माणूस जातो. फाइल मात्र कुठं जात नाही. ती दुकानाच्या फोनमध्ये राहते आणि संगणकाच्या डाउनलोड्स फोल्डरमध्येही राहते.

त्याशिवाय वही होती. दोनशे पानी, लांब, निळ्या पुठ्ठ्याची. फॉर्म भरायचा म्हणजे खातं उघडायचं, खात्याला पासवर्ड लागतो, आणि तो लोकांच्या लक्षात राहत नाही. मागच्या वर्षीचा पासवर्ड विसरला की नवा घ्यायला अर्धा तास जातो आणि मागं रांग खोळंबते. म्हणून मीच ठरवून द्यायची आणि वहीत लिहून ठेवायची. नाव, गाव, मोबाइल, कुठलं खातं, पासवर्ड. पासवर्ड सगळ्यांना एकाच साच्यातला: पहिलं अक्षर मोठं, पुढे नाव, मग ॲट, मग एक-दोन-तीन. सहा आकडी पिन लागला तर ४१६४१६. सांगलीचा पिनकोड. तो कुणी विसरत नाही.

सगळा धंदा भरवशावर चालायचा आणि मला त्याचं अप्रूप होतं. लोक फोन अनलॉक करून काउंटरवर ठेवायचे आणि चहाला जायचे. ओटीपी आला की मीच बघून टाकायची. एका पोराने त्याची सगळी मार्कलिस्टं माझ्याकडे ठेवली होती, "घरात उंदरं खात्यात" म्हणून.

मग ऑगस्ट २०१९ चा महापूर आला. आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली. दुकानात माळ्यापर्यंत पाणी चढलं. झेरॉक्सचं मशीन गेलं, फर्निचर गेलं. गल्लीतल्या पोरांनी संगणक आणि वही आधीच वरच्या मजल्यावर नेली होती म्हणून तेवढं वाचलं. पाणी ओसरल्यावर लोक घरी परतले तर ट्रंकेतल्या कागदांचा लगदा झालेला. रेशनकार्ड, शाळा सोडल्याचा दाखला, पासबुक, बोटं लावली तर पानं हातात येत होती. आणि अनुदानाच्या अर्जाला तर तेच कागद पाहिजेत. तेव्हा माझा तो डाउनलोड्सचा फोल्डर उपयोगी पडला. उसन्या प्रिंटरवर मी पंधरा दिवस लोकांना त्यांच्याच कागदांच्या प्रती काढून दिल्या. एका म्हाताऱ्याने आपल्या गेलेल्या बायकोचा आधारवरचा फोटो बघून तो मोठा करून मागितला. घरातले सगळे फोटो पाण्यात गेले होते, तो एवढाच उरला होता.

तेव्हापासून मी काहीच पुसेनाशी झाले. जपून ठेवणं हेच मला माझं काम वाटू लागलं. आजही त्या पंधरा दिवसांची मला लाज वाटत नाही. पण तीच सवय चार वर्षांनी माझ्यासमोर दुसऱ्या तोंडानं येऊन उभी राहिली.

नोव्हेंबर म्हणजे पेन्शनरांचा महिना, हयातीचे दाखले द्यायचे असतात. बुधगावकडचे एक निवृत्त गुरुजी त्या महिन्यात आले आणि पासबुकाच्या नोंदींची प्रिंट मागितली. गुरुजी माझे वर्षानुवर्षांचे गिऱ्हाईक. एरवी आले की खुर्ची ओढून बसतात, मुलाचं विचारतात. त्या दिवशी उभेच राहिले. प्रिंट काढताना माझं लक्ष गेलं: एका संध्याकाळी तीन वेळा मिळून दोन लाख चाळीस हजार रुपये बाहेर गेलेले. मी वर बघितलं तर ते भिंतीकडे बघत होते.

"गुरुजी, हे काय?"

"काही न्हाई. तुम्ही प्रिंट द्या."

मी शटर अर्धं ओढलं, त्यांना बसवलं, पाणी दिलं. बऱ्याच वेळानं बोलले. चार दिवसांपूर्वी फोन आला होता. कोषागारातून बोलतोय, तुमचा हयातीचा दाखला लागलेला नाही, आज अपडेट झालं नाही तर पुढच्या महिन्यापासून पेन्शन बंद. गुरुजींनी आधी विश्वास ठेवला नव्हता. पण समोरच्याने त्यांचा पीपीओ नंबर, म्हणजे पेन्शनच्या आदेशाचा नंबर, वाचून दाखवला. निवृत्तीची तारीख सांगितली. खाते क्रमांकाचे शेवटचे आकडे सांगितले. बायकोचं नाव सांगितलं. "एवढं सगळं कचेरीतल्याशिवाय कुणाला ठाऊक असणार हो?" मग एकामागून एक आलेले ओटीपी त्यांनी वाचून दाखवले. त्यांच्या नावावर दुसऱ्याच्या फोनमध्ये बँकेचं ॲप सुरू झालं आणि तासाभरात पैसे गेले.

चार दिवस ते घरात कुणाशी बोलले नव्हते. बायकोलाही सांगितलं नव्हतं. "छत्तीस वर्षं पोरांना सांगत आलो, वाचल्याशिवाय सही करू नका म्हणून. आता कुठल्या तोंडानं सांगू?"

त्या चार दिवसांचं मला पैशांपेक्षा जास्त दुःख आहे. असे पैसे चोराच्या एका खात्यात बसून राहत नाहीत. ते पाच-दहा खात्यांतून फिरतात आणि शेवटी कुठल्या तरी एटीएममधून रोख निघतात. १९३० या नंबरवर फोन केला की तक्रार लगेच नोंदली जाते, आणि पैसे ज्या बँकेत पोचले असतील त्या बँकेला ते अडवून धरायला सांगतात. वाटेत असतील तेवढेच अडकतात. पहिल्या तासा-दोन तासांत केलेला फोन आणि चौथ्या दिवशीचा फोन यांत जमीन-अस्मानाचा फरक पडतो. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकातही दिवसांचाच हिशोब आहे. चूक ना ग्राहकाची ना बँकेची, अशा फसवणुकीत तीन कामकाजाच्या दिवसांत बँकेला कळवलं तर ग्राहकाच्या अंगावर काही येत नाही. ग्राहकाने स्वतःच ओटीपी दिला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान त्याचं, पण कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं. म्हणजे लाजेपायी गप्प बसलेला एकेक तास चोराच्या पदरात पडतो. मी गुरुजींसमोरच १९३० लावला, सायबरक्राइमच्या सरकारी पोर्टलवर तक्रार भरली, त्यांच्यासोबत बँकेत जाऊन आले. अडतीस हजार कुठल्याशा खात्यात अडकलेले सापडले. ते कोर्टाच्या आदेशाने बऱ्याच महिन्यांनी परत आले. बाकीचे गेले.

गुरुजी मूर्ख नाहीत. हे मी त्या दिवशी त्यांना सांगितलं आणि इथंही सांगते. खरी माहिती हातात घेऊन कुणी खोटं बोलायला आला तर तुम्ही-आम्ही सगळेच फसू. त्यांना फसवलं ते त्यांच्याच कागदाने.

त्या रात्री मला झोप आली नाही. कारण तो कागद मी पाहिला होता. पीपीओ नंबर, निवृत्तीची तारीख, खाते क्रमांक, पत्नीचं नाव, चारी गोष्टी एकाच अर्जावर होत्या, आणि तो अर्ज दोन महिन्यांपूर्वी मीच स्कॅन केला होता. उठून दिवा लावला. दुकानाच्या संगणकात तो तसाच पडला होता. फाइलला नाव गुरुजींचंच.

तो अर्ज माझ्याकडूनच बाहेर गेला असं मी म्हणत नाही. गुरुजींच्या मनात तसा संशयही आला नाही. असे कागद दहा ठिकाणी दिलेले असतात, दहा हातांतून फिरलेले असतात. पण "माझ्याकडून गेला नाही" असं मी छातीवर हात ठेवून म्हणू शकत नव्हते. अण्णा म्हणू शकत होते, "पहाटेच जळाला." माझ्याकडे ते वाक्य नव्हतं.

रविवारी भाच्याला बोलावलं. तो वालचंदला इंजिनीअरिंगला आहे. दुकान बंद ठेवून दिवसभर तो संगणकाशी बसला. कधी काळी प्रिंटर दुरुस्त करायला आलेल्या माणसाने दुरून संगणक चालवायचं एक सॉफ्टवेअर घातलं होतं. काम झालं, माणूस गेला, सॉफ्टवेअर तसंच. संगणक चालू केला की तेही चालू व्हायचं, आणि त्याचा पासवर्ड म्हणजे आमच्या दुकानाचं नाव. विंडोजचे अपडेट दोन वर्षं बंद, कारण ते ऐन गर्दीत सुरू होतात म्हणून मीच बंद केलेले. ब्राउझर "पासवर्ड लक्षात ठेवू का?" विचारायचा तेव्हा घाईत "हो" दाबलेलं, त्यामुळे गिऱ्हाइकांचे तीनशेवर पासवर्ड तिथं जमलेले. शिवाय अकरा जणांचे जीमेल उघडेच. प्रिंट काढून निघून गेले, लॉगआउट करायचं राहून गेलं. त्या सॉफ्टवेअरमधून कुणी खरंच आत आलं होतं का, याचा पुरावा त्याला सापडला नाही. आलं नव्हतं, याचाही नाही.

नंतर त्याने वही चाळली आणि बराच वेळ गप्प बसला. म्हणाला, "मावशी, एखाद्याचा पासवर्ड कळला तर बाकीच्यांचे वेगळे चोरायलाच नकोत. नावं ठाऊक असली म्हणजे झालं."

पासवर्डची पहिली समजली जाणारी चोरी कशी झाली ते त्याने मला सांगितलं. अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत एकाच संगणकावर अनेकांनी पाळीपाळीने काम करायचं म्हणून १९६० च्या सुमारास पासवर्ड आले. ॲलन शेर नावाच्या संशोधकाला मिळालेला वेळ पुरत नव्हता. १९६२ साली त्याने पासवर्डची यादी असलेली फाइल छापून मिळावी अशी विनंती पंच कार्डवर घातली, आणि यंत्राने ती निमूट छापून दिली. दुसऱ्यांच्या पासवर्डवर मग त्याने जादा वेळ काम केलं. कुलूप फोडलं नाही, काही नाही. छापील यादी काढून घेतली. मी माझ्या निळ्या वहीकडे बघितलं.

साठ वर्षांत संगणकवाले यातून एक गोष्ट शिकले. चांगली वेबसाइट तुमचा पासवर्ड आपल्याकडे ठेवतच नाही. कसं, ते मला समजत नव्हतं. भाचा म्हणाला, "आपल्या हळदीसारखं." हळकुंड दळलं की पूड होते, पुडीचं परत हळकुंड होत नाही. वेबसाइट पासवर्ड दळून पूड ठेवते. तुम्ही पुन्हा पासवर्ड टाकला की तोही दळते आणि दोन्ही पुडी ताडून बघते. चोराने कोठार फोडलं तरी त्याला नुसती पूड मिळते. चोरही काही कमी नाहीत. लोक हमखास ठेवतात असे लाखो पासवर्ड, म्हणजे १२३४५६ किंवा नाव आणि पुढे १२३, ते आधीच दळून ठेवतात आणि जुळवत बसतात. म्हणून प्रत्येकाच्या दळणात थोडं वेगळं काहीतरी मिसळतात, म्हणजे सारखाच पासवर्ड असला तरी दोघांची पूड वेगळी निघते. त्या मिसळीला त्यांच्या भाषेत मीठच म्हणतात. मार्केट यार्डात जन्म गेलेल्या गावात हे कुणालाही समजेल. पण एखाद्या वेबसाइटने आळस केला आणि अख्खं हळकुंडच ठेवलं, तर ती फुटली की चोर तोच ईमेल आणि तोच पासवर्ड घेऊन दुसऱ्या, तिसऱ्या, दहाव्या दारात लावून बघतो. माणूस स्वतः करत नाही, यंत्र करतं, दिवसरात्र. एकच पासवर्ड सगळीकडे ठेवू नये म्हणतात ते त्यासाठी.

आम्ही पुसायला बसलो. डिलीट करणं म्हणजे पुसणं नव्हे, हेही त्या दिवशी कळलं. डिलीट केल्यावर अनुक्रमणिकेतली ओळ तेवढी जाते, धडा तसाच राहतो, वर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत. जुन्या हार्ड डिस्कवर त्याने रात्रभर निरर्थक आकडे लिहीत ठेवले. आत मजकूर राहिलेला असतो आणि कुणीतरी उजेडाकडे धरतं, त्या कार्बनसारखंच हे. नव्या झेरॉक्स मशीनलाही आत डिस्क असते आणि काढलेल्या पानांची चित्रं तिच्यात राहू शकतात, म्हणून तिथलीही सेटिंग बघून घेतली. पुरातले कागद पुसताना माझा हात अडला, खोटं कशाला सांगू. तो म्हाताऱ्याच्या बायकोचा फोटो मी आधी त्याच्या नातवाच्या फोनवर पाठवला, त्याला मिळाला का विचारलं, मगच पुसला.

ऑगस्ट २०२३ मध्ये संसदेने डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा मंजूर केला. ज्या कामासाठी माहिती घेतली ते काम संपलं की ती पुसावी, असं त्यात सांगितलं आहे. माझ्यासारख्या बोळातल्या दुकानापर्यंत तो कधी आणि कसा पोचेल ते पुढचं पुढं. मला तो वाचताना बंबाचा वास आला.

आता दुकानाच्या व्हॉट्सॲपवर आलेला कागद चोवीस तासांत आपोआप नाहीसा होतो, आणि संगणकातली फाइल गिऱ्हाईक समोर उभं असतानाच पुसते. त्यांना दाखवून पुसते. आधारची प्रत मागायला कुणी आलं की कशासाठी ते विचारते, आणि चालण्यासारखं असेल तर शेवटचे चारच आकडे दिसणारं मास्क्ड आधार काढून देते. ई-आधारच्या फाइलला पासवर्ड असतो म्हणून निर्धास्त राहणारे पुष्कळ आहेत. तो पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं आणि जन्मसाल. कुलूप लावून किल्ली चौकटीला अडकवल्यासारखंच. अंगठ्यावर पैसे काढणाऱ्यांना सांगते, आधारच्या ॲपमध्ये बायोमेट्रिक लॉक करता येतं, लागेल तेव्हाच उघडा. आणि सगळ्यात आधी ईमेल सांभाळा म्हणते. फेसबुकसारख्या बऱ्याच ठिकाणी पासवर्ड विसरला तर नवा ठरवायची लिंक ईमेलवर येते, म्हणजे किल्ल्यांचा जुडगा तिथं. ईमेलला आणि व्हॉट्सॲपला टू-स्टेप, म्हणजे दुहेरी कुलूप, लावून दिल्याशिवाय मी कुणाला सोडत नाही, मागं कितीही रांग असो.

म्हाताऱ्या माणसांना पासवर्ड लक्षात ठेवा म्हणणं मात्र मला पटत नाही. चार असंबद्ध मराठी शब्द जोडून लांबलचक पासवर्ड करा, कागदावर लिहा, आणि तो कागद घरच्या कपाटात साड्यांखाली ठेवा. दूर कुठंतरी बसलेल्या चोराला तुमचं कपाट उघडता येत नाही. दुकानाच्या वहीत मात्र नको, माझ्यासुद्धा.

राहिली वही. ती सरळ बंबात घालावी असं वाटलं होतं, पण बंब आता राहिला नाही, आणि नुसती जाळून लोकांची खाती उघडी ती उघडीच राहिली असती. पासवर्ड बदलायला तर पाहिजेत. म्हणून एकेकाला फोन करून बोलवायला लागले. आला की त्याचं पान फाडून त्याच्या हातात द्यायचं, समोर बसवून पासवर्ड त्याच्याच हाताने बदलायला लावायचा. दोनशे पानं, काही पानांवर चार-चार माणसं. दीड वर्ष झालं, अजून संपली नाहीत. काही जण चिडले, "तुमच्यावर भरवसा आहे की आमचा, कशाला उगंच?" त्यांना नाही म्हणताना जीव कसनुसा होतो. भीड भिकेची बहीण म्हणतात ते खरं. एवढी वर्षं मी लोकांना "तुम्ही स्वतः टाका" म्हणाले नाही ती भिडेपोटीच. त्यांना येत नाही हे तोंडावर आणल्यासारखं होईल, असं वाटायचं.

गेल्या आठवड्यात हरिपूरच्या एक मावशी आल्या. हळद निवडायला जातात. बोटांच्या पेरांत पिवळं मुरलेलं, आणि कामाने रेषा इतक्या झिजलेल्या की अंगठ्याच्या मशीनवर चार-चार वेळा दाबूनही ठसा लागत नाही. पुरात त्यांचं सगळं गेलं होतं, मीच तेव्हा प्रती काढून दिल्या होत्या. आता त्यांचे दाखले डिजिलॉकरमध्ये घालून द्यायचे होते, म्हणजे पुन्हा पाणी आलं तरी माझ्या फोल्डरवाचून अडणार नाही. वहीतलं पान दिलं. त्यावर त्यांच्या नावापुढं माझ्याच अक्षरात ४१६४१६.

"आता तुम्ही ठरवा मावशी. सहा आकडे. जन्मसाल नको, मोबाइल नंबर नको, सांगलीचा पिनकोड तर नकोच."

"मी? तुम्हीच टाका की ओ. माझ्या कुठं ध्यानात ऱ्हातंय."

"राहील. तुम्हालाच ठाऊक असलेलं काहीतरी घ्या. कुणाला सांगायचं नाही. मलाही नाही."

त्या बराच वेळ फोनकडे बघत राहिल्या. मग चेहरा एकदम उजळला. "माझ्या सासऱ्यानं जवा म्हस घेतली..."

"सांगू नका!"

त्यांनी पदर तोंडाला लावला. मग तोच पदर फोनवर आडवा धरला आणि मला म्हणाल्या, "ताई, जरा तिकडं बगा."

मी वळले. फळीवर अण्णांचं मशीन होतं. 'क' ची कळ झिजून गुळगुळीत झालेली. मागं फोनवर बोटाची एक टिचकी वाजली, मग बराच वेळ काही नाही, मग दुसरी.

"झालं?" मी विचारलं.

"थांबा की. परत यकदा मागतंय."

"तेच आकडे परत टाका."

"टाकतो. तुमी तिकडंच बगा."